कॅसेटी भंगारात जाण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

म्हापशाच्या बाजारातले, निदान माझ्या माहितीतले, कॅसेट-सीडीचे शेवटचे दुकान गेल्या महिन्यात बंद झाले. बातमी व्हावी असे त्यात काही नव्हते. गेली कित्येक वर्षे तिथे कॅसेट कमी आणि मोबाईलची कव्हरे जास्त विकली जात होती. मी गेलो तेव्हा मालक फडताळे रिकामी करत होते आणि दारात भंगारवाला काटा घेऊन उभा होता. ‘‘मास्तर, प्लास्टिकाच्या भावान व्हरता तो,’’ मालक म्हणाले; म्हणजे प्लास्टिकच्या भावाने नेतो. डबी वेगळी, वरचा छापील कागद वेगळा, कॅसेट वेगळी. आतल्या फितीला भाव नाही. ती ओढून काढून टाकायची, मगच काट्यावर ठेवायचे. पायरीवर तपकिरी फितीचा हा एवढा गुंता पडला होता.

मी चार खोकी उचलून रिक्षात घातली. पत्राचे कारण ती खोकी आहेत, दुकान नव्हे.

दुकानांबद्दल फार हळवे होण्यात अर्थ नाही. आपण गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि त्यांनी ती कोऱ्या कॅसेटवर ‘भरून’ द्यायची, हा धंदा तेव्हा गावोगाव चालायचा. तो कायद्यात बसत नव्हता हे दुकानदाराला माहीत होते आणि आम्हालाही. एकदा दुसऱ्या एका दुकानातून नाट्यगीतांची कॅसेट आणली, घरी लावली तर आत लहान मुलांची बडबडगीते. बदलून मागितली तर उत्तर मिळाले, ‘‘कव्हर बरोबर आहे ना?’’ ती अजून माझ्याकडे आहे.

पण म्हापशाच्या या दुकानदाराचे एक मानले पाहिजे. आपला पावसाळा कॅसेटचा वैरी. जून ते सप्टेंबर दमट हवेने फितीवर पांढरी बुरशी धरते, मग आवाज घोगरा होतो आणि डेकचे हेडही खराब होते. फडताळाच्या खालच्या खणात हा माणूस चारही महिने पंचवीस वॅटचा बल्ब पेटता ठेवायचा. विजेचे बिल येते म्हणून बायको रागावते, असे हसत सांगायचा. त्यामुळेच त्याच्याकडचा तीस-पस्तीस वर्षांचा माल अजून वाजतो. माझ्या स्वतःच्या कॅसेटी नीट ठेवूनही निम्म्या गेल्या.

दुकाने का गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका एमपीथ्री सीडीत दीडशे गाणी मावू लागल्यावर दहा गाण्यांच्या कॅसेटला कोण विचारणार? मग मोबाईलवाल्यांनी ‘कार्डात गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लावल्या. पुढे कार्डही नको झाले. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आले आणि डेटा पाण्याच्या भावाने मिळू लागला. मुंबईत काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस त्याच्या काही महिने आधीच मिटले होते. नव्या गाड्यांतून सीडी प्लेयर गेला, लॅपटॉपमधून डिस्कचा कप्पा गेला. चित्रपटांच्या डीव्हीडी भाड्याने देणारे तर त्याआधीच उठले. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४मध्ये गोव्यात आला, तेव्हा महोत्सवात पाहिलेला चित्रपट शोधत पोरे पणजीच्या अठरा जून रस्त्यावर हिंडायची, तीही आठवण आता जुनी झाली. माझा भाचा इंग्लंडात असतो. तो सांगतो, लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे एचएमव्हीचे दुकान २०१९मध्ये बंद पडले होते, ते २०२३मध्ये परत उघडले आणि तरुण मुले तिथे तबकड्या घ्यायला जातात. असेल. पण आपल्याकडे उद्या तबकड्यांचे असे हौशी दुकान निघाले, तरी त्यात घुमट आरती, म्हणजे घुमट या आपल्या मातीच्या वाद्यावर म्हटलेली आरती, मिळणार नाही.

आणि माझे म्हणणे नेमके तिथेच आहे. ‘सगळे फोनवर आहे’ असे जो तो म्हणतो. काय आहे? केसरबाई केरकर आहेत. त्यांची मला काळजीच नाही. त्यांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर अंतराळात गेली आहे, आणि हवी तेव्हा फोनवरही लागते. दीनानाथ आहेत, अभिषेकीबुवा आहेत. मोठ्या कंपन्यांनी मोठ्यांचे जपले, त्यात त्यांचा धंदाही होता.

माझ्या खोक्यात आहे ते वेगळे. बार्देशातल्या, डिचोलीतल्या, पेडण्यातल्या आरती मंडळांनी चवथीच्या तोंडावर काढलेल्या कॅसेटी. वास्कोच्या भजनी सप्ताहाच्या फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, विकायला असायची तशी भजने. जत्रेच्या नाटकात पदे म्हणणाऱ्या आपल्याच गावच्या गायकांची नाट्यगीते. तियात्रांची, म्हणजे कोकणी संगीत नाटकांची, कांतारां (गाणी). बहुतेकांनी पदरचे पैसे घालून ध्वनिमुद्रण केले, गठ्ठा उचलून दुकानात आणून ठेवला आणि खपेल तसे पैसे नेले. एका कॅसेटच्या कागदावर मंडळातल्या अकरा जणांची नावे आहेत, कोण घुमटावर, कोण शामेळावर, कोण कांसाळ्यावर, आणि खाली कोणाच्या तरी शेजाऱ्याचा पाच आकडी फोन. ती मी फोनवर शोधली. नाव, मंडळ, गाव, सगळे लिहून पाहिले. काही मिळाले नाही. मग एकेक करत चाळीस-बेचाळीस शोधल्या, त्यातल्या सहा सापडल्या.

आणखी एक बारीक गोष्ट. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे चढवत. वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचे कातडे लावतात, आणि ते योग्यच आहे. २०१९मध्ये सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. पण जुने वादक सांगतील, दोन्हींचा नाद सारखा नाही. तो जुना नाद ऐकायचा तर तो अशा कॅसेटींतच ऐकायला मिळायचा.

छापील पुस्तकाला निदान एक आधार आहे. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. कॅसेट-सीडीला हा कायदा लागू नाही. म्हणजे गठ्ठा संपला की संपला. कोणाच्या तरी माळ्यावर एखादी प्रत उरली तर उरली.

या कॅसेटी जतन करायच्या म्हटल्या तर ‘कॉपीराइटचे काय?’ हा प्रश्न सरकारी टेबलावर पहिला येईल, म्हणून तोही पाहून ठेवला आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे या कॅसेटी उद्या कोणी उठून नेटवर टाकू शकत नाही. पण २०१२च्या दुरुस्तीने एक वाट मोकळी केली आहे. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची मूळ, म्हणजे डिजिटल नसलेली, प्रत असेल, तर जतनासाठी ते तिची संगणकीय प्रत करून ठेवू शकते. अट एवढीच की मूळ प्रत ग्रंथालयाकडे हवी. आणि मूळ प्रती तर आज काट्यावर चढताहेत.

पणजीत पाटोवरचे कृष्णदास शामा ग्रंथालय, म्हणजे राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय, १८३२पासूनचा वारसा सांगते. त्याने कला अकादमी आणि तियात्र अकादमीला बरोबर घेऊन एवढे करावे: वर्तमानपत्रात एक जाहीर सूचना द्यावी की ज्या दुकानदारांकडे, मंडळांकडे, घरांत गोव्यात निघालेल्या कॅसेटी आणि व्हीसीडी आहेत त्यांनी एकेक प्रत आणून द्यावी. दुकानदाराला भंगारापेक्षा दोन पैसे जास्त द्यावेत. एक कोरडी खोली, दोन चालू डेक आणि हेड पुसता येणारा, फीत तुटली तर जोडता येणारा एक माणूस. असा माणूस अजून मिळतो. बंद पडलेल्या दुकानांचे मालकच आहेत की. कागदावरची नावेही उतरवून घ्यावीत, कारण अकरातले किती हयात आहेत ते विचारायला आता फार वर्षे नाहीत. नवीन इमारत नको, उद्घाटन तर मुळीच नको.

सूचना पावसाळ्याआधी निघाली तर बरे.

माझ्याकडची चार खोकी, बडबडगीतांची ती एक कॅसेट सोडून, मी विनामूल्य देईन. म्हापशाहून पाटोपर्यंतचे टेंपोभाडेही माझे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, म्हापसा