रविवारच्या बैठकीबद्दल, सगळ्यांनी वाचा प्लीज

नमस्कार मंडळी, रविवारी चार वाजता फोंड्याला नेहमीच्या हॉलमध्ये आपली एकमेकांना आधार द्यायची बैठक आहे. अत्याचार, मारहाण, अपघात, घरातला अचानक मृत्यू, यातलं काहीही सोसलेलं माणूस येऊ शकतं आणि आल्यावर बोललंच पाहिजे असं अजिबात नाही, नुसतं बसलात तरी चालेल.

काय झालं ते कोणी खोदून विचारायचं नाही. हे परत सांगतेय कारण काळजीपोटीच आपण विचारतो, पण जबरदस्तीने सगळं सांगायला लावलं तर माणूस बरं व्हायच्या ऐवजी पुन्हा तिथेच जाऊन पोचतं. कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी, ज्या भाषेत रडू येतं त्याच भाषेत बोला, समजून सांगायला माणसं आहेत. कोणाला आरती म्हणून बरं वाटतं, कोणाला लदिनेत (ख्रिस्ती लोकांच्या सामूहिक प्रार्थनेत), कोणाला दुवा मागून, कोणाला यातलं काहीच नको असतं, सगळं चालेल. गावातल्या मांडावर धालो हा लोकनाच खेळताना बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून उभ्या राहतात ना, तसा आधार हवा आहे आपल्याला.

संगाथ ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था गोव्यातच 1996 साली सुरू झाली आणि साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन समुपदेशन करता येतं हे त्यांच्या कामातून दिसलंय. पण झोपच नाही, जीव द्यावासा वाटतो असं असेल तर बैठकीची वाट बघू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर लगेच फोन करा, मोफत आहे आणि रात्रीही चालू असतो. बांबोळीला मानसोपचार हॉस्पिटलही आहे, एकट्याने जायला भीती वाटत असेल तर आमच्यातलं कोणीतरी सोबत येईल.

फोटो, रेकॉर्डिंग बंद. नावं ग्रुपवर टाकू नका, यायचं असेल तर मला पर्सनल मेसेज करा.