एका घराची मतं एकाच केंद्रावर राहू द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा निवडणूक अधिकारी,
नाशिक

सप्रेम नमस्कार.

मला मतदान करायला मनापासून आवडतं. कर्तव्य म्हणून करते हे आहेच, पण आदल्या रात्री नीट झोप लागत नाही इतकी त्याची ओढ असते, हे जास्त खरं. या पत्रात एक मागणी आहे. ती या ओढीतूनच आली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

आम्ही सिडकोत राहतो. मतदानाला आमच्या घरातून कुणी एकटं जात नाही. सकाळचा चहा झाला की सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार असतात. सगळ्यांची ओळखपत्रं त्यांच्याच पिशवीत, ती रात्रीच भरून ठेवलेली. मग आम्ही त्यांच्या चालीने शाळेपर्यंत जातो. रस्त्यात भेटेल तो "झालं का?" विचारतो आणि ज्याचं झालंय तो बोट वर करून दाखवतो. परत येताना मिसळ ठरलेली. रांगेत उभं राहिलं की वर्षभर न दिसलेले शेजारी भेटतात. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं, कुणी अंबडच्या कंपनीतली रात्रपाळी करून थेट रांगेत आलेलं असतं. मालक आणि कामगार तिथे एकामागे एक उभे राहतात आणि दोघांचं वजन सारखंच.

पण मला सगळ्यात भावतो तो खोलीतला पहिला क्षण. टेबलामागचे अधिकारी यादीतला क्रमांक बघतात आणि नाव मोठ्याने वाचतात. बाजूला बसलेले उमेदवारांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत ते नाव शोधून त्यावर रेघ मारतात. सासूबाई एरवी कुणाच्या आजी, कुणाच्या काकू, कुणाच्या आई. बारशापासून हळदीकुंकवापर्यंत त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. तिथे मात्र त्यांचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, खणखणीत आवाजात साऱ्या खोलीला ऐकू जातं. त्यावर त्या दरवेळी "हो, मीच" म्हणतात, कुणी विचारलेलं नसलं तरी. मग रजिस्टरवर सावकाश सही आणि डाव्या हाताच्या तर्जनीला शाई.

हे नाव वाचलं जाणं साधं वाटतं, पण ते सहज मिळालेलं नाही. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत होत्या तेव्हा, विशेषतः उत्तरेकडे, असंख्य बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको अशाच नोंदी झाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. निर्णय कठोर होता. पण पुढच्या निवडणुकांत बायका स्वतःच्या नावाने यादीत आल्या. सासूबाईंचं "हो, मीच" ऐकताना मला त्या अठ्ठावीस लाखांची आठवण येते.

सासूबाईंचं पहिलं मत १९६२चं. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं, ते १८ झालं १९८९मध्ये. बोटावरची शाईही त्याच १९६२च्या निवडणुकीत आली, त्यामुळे भांडी घासून ती जाते का हे गल्लीतल्या सगळ्या बायकांनी करून पाहिलं, असं त्या सांगतात. पुढच्याच वर्षी, १९६३मध्ये, यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले. देशाचे संरक्षणमंत्री आपल्या नाशिकचे खासदार झाले याचा त्यांना आजही अभिमान आहे. पण लगेच पुढचं वाक्य येतं, "मत द्यायचं मात्र राहून गेलं." माणूस पसंत होता, तरी आपण मत दिलं असतं तर बरं झालं असतं, ही रुखरुख त्यांनी इतकी वर्षं जपली आहे. २०२४मध्ये बीएलओ ताई, म्हणजे आमच्या केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकारी, ८५च्या पुढच्यांसाठीचा १२-ड नमुना घेऊन घरी आल्या होत्या. ज्यांना उठवत नाही त्यांच्यासाठी घरून मतदानाची सोय फार मोलाची आहे. सासूबाईंनी ताईंना चहा पाजला आणि म्हणाल्या, "पाय चालतायत तोवर शाळेतच येईन."

महापालिकेच्या निवडणुकीची तर आम्ही सगळ्यांनीच वाट पाहिली. २०१७मध्ये मत दिलं होतं, मार्च २०२२मध्ये मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६पर्यंत शहराला नगरसेवकच नव्हते. पाणी कमी दाबाने येतंय, पथदिवा बंद आहे, हे ज्याच्या दारात जाऊन सांगावं असं हक्काचं माणूस नाही, म्हणजे काय ते त्या काळात कळलं. मतदान आलं ते संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. किंक्रांत, करिदिन, एरवी सासूबाई त्या दिवशी नवं काही सुरू करू देत नाहीत. त्या दिवशी त्याच सगळ्यांत पुढे होत्या आणि थंडीत रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवत होत्या. प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे, म्हणून चार मतं द्यायची होती. चारही दिल्याशिवाय यंत्राचा आवाज येत नाही हे त्यांनी आधीच माहीत करून घेतलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सावकाश दिली. चारही."

आता मागणी.

केंद्रीय निवडणूक आयोगाने एका मतदान केंद्रावरच्या मतदारांची कमाल संख्या १५००वरून १२०० केली आहे. निर्णय चांगला आहे, रांगा आखूड होतील. २० मे २०२४च्या उन्हात जे उभे राहिले त्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण केंद्रं वाढली की याद्या नव्याने फोडाव्या लागतात, आणि यादी फोडताना घरं फुटतात. आमच्या ओळखीत अशी कुटुंबं आहेत, जिथे वडिलांचं नाव एका शाळेत, आईचं दुसऱ्या आणि मुलाचं तिसरीकडेच. यात कुणाला दोष द्यायचा नाही. पत्ते बदलतात, नवी नावं पुरवणीत जातात, हे मी समजू शकते. परिणाम मात्र ठरलेला असतो. वडील आईला सोडायला जातात, तिथली रांग मोठी निघते, मुलगा "तुम्ही जाऊन या, मी दुपारी जातो" म्हणतो आणि दुपार टळून जाते. मतं अशीही बुडतात, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

एका कुटुंबाची नावं एकत्र असावीत हे आयोगाचंही धोरण आहे. ते प्रत्यक्षात उतरवायला माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे प्रारूप यादी, म्हणजे अंतिम होण्याआधीची कच्ची यादी, लोकांच्या वाटेवर लावणं. संकेतस्थळावर ती असते, पण तिथे माणूस फक्त स्वतःचं नाव शोधतो. सोसायटीच्या फलकावर, रेशन दुकानाच्या भिंतीवर, अंगणवाडीच्या दारात यादी लागली तर बायका घराघराने नावं वाचतील. कुणाचं नाव भलत्या भागात गेलंय, कोण वारलंय, कोण आडगावला राहायला गेलंय, हे गल्लीला जितकं ठाऊक असतं तितकं कुणालाच नसतं. बीएलओ ताईंचं कामही त्याने हलकं होईल. विधानसभेची यादी नीट झाली की महापालिकेची प्रभाग यादीही सुधारेल, कारण ती याच यादीतून काढतात.

जोडीला एक विनंती. १७ वर्षं पूर्ण झाली की नमुना ६, म्हणजे नव्या मतदाराचा नोंदणी अर्ज, आगाऊ भरता येतो आणि नाव १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर या तारखांना धरून यादीत येतं, हे बारावीच्या फारच थोड्या मुलांना माहीत आहे. माझ्या मुलीला ऑगस्ट २०२५मध्ये अठरा पूर्ण झाली. महापालिकेसाठी १ जुलैची यादी धरली होती, म्हणून ती जानेवारीत शाळेच्या फाटकाबाहेर आजीची काठी धरून थांबली. कॉलेजात कनिष्ठ वर्गांना एकदा यंत्र दाखवा, बटण दाबून पाहू द्या, मत कुणाला गेलं ते दाखवणारी, सात सेकंद दिसणारी चिठ्ठी त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचू द्या, आणि तिथेच अर्ज भरून घ्या.

मुलीने नमुना ६ भरला आहे. त्यात घरातल्या आधीच्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक लिहायची जागा असते, तिथे तिने आजीचाच लिहिला. हा रकाना पाहून नाव त्याच भागात घालावं, अशा सूचना आपण मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना द्याव्यात. पुढच्या निवडणुकीत आजी-नातीला एका रांगेत उभं राहायचं आहे, आणि सासूबाई तेव्हा नव्वदीला टेकलेल्या असतील.

आपली,
सिडकोतील एक मतदार