आधी वाजवून दाखवा

मंगळवार पेठ, कोल्हापूर

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

उद्यमनगरातील आपल्या दुकानातून दुरुस्त झालेले माझे थेरेमिन हे वाद्य घरी आणून आज एकवीस दिवस झाले आणि या एकवीस दिवसांत पहाटेचा रियाज एकदाही चुकलेला नाही. हे सांगण्यासाठी मी दोनदा दुकानात आले होते, परंतु गिऱ्हाइकांसमोर शब्द फुटले नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर माझा गळा तार सप्तकात जाईनासा झाला. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणे, निघत नाही आणि मला तर मींडच हवी होती, म्हणून सुटे भाग जमवून, वर्षभर खपून मी हे वाद्य बांधले. रशियात 1920 च्या सुमारास जन्मलेले थेरेमिन स्पर्शावाचून वाजते. उजवा हात उभ्या अँटेनाजवळ नेला की सूर चढतो. आतील एक आंदोलक, म्हणजे विजेची स्पंदने निर्माण करणारे मंडल, सेकंदाला 4,55,000 वेळा आणि दुसरा 4,55,208 वेळा स्पंदला, की त्यांतील 208 चा फरक कानाला ऐकू येतो. तीच माझी काळी चार, म्हणजे माझी गाण्याची पट्टी, माझा षड्ज. त्या दुसऱ्या आंदोलकात वीस हजारांत एका भागाची चूक झाली तरी षड्ज सरकून जवळजवळ शुद्ध रिषभावर जातो. माझ्या वाद्यात हे रोज घडत होते आणि खर्जात तर ते मुकेच होत असे.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी तीन उंबरे झिजवले. एका दुकानात झाकणही उघडले नाही. दुसऱ्याने सहा आठवडे ठेवून घेऊन, "बाई, किबोर्ड घ्या," असे सांगून परत दिले. गाण्यातील एका जाणत्या गृहस्थांनी ते न ऐकताच खेळणे ठरवले, याचे दुःख मला अधिक झाले. कारण हे अल्लादिया खाँसाहेबांचे, शाहू महाराजांनी गवयांना आश्रय दिलेले गाव आहे.

आपण मात्र स्क्रू ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी पंखा बंद केलात, शेजारच्या लेथचा आवाज आत येऊ नये म्हणून शटर अर्धे खाली ओढलेत आणि म्हणालात, "ताई, आधी वाजवून दाखवा." जवळ माणूस असला की सूर हलतो, असे मी सांगताच आपण मागच्या भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. मी यमन वाजवत होते, निषाद घसरत होता, आपल्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो पुसण्यासाठीसुद्धा आपण हात हलवला नाही. मी थांबल्यावर आपण एवढेच म्हणालात, "खाली सा ला येताना अडतंय." वर्षभरात माझे वाजवणे गाणे म्हणून ऐकणारे आपण पहिलेच.

पुढची दुरुस्ती आपण कशी केली, ते येथे लिहीत नाही. कॉइलवर आपण ठिबकवलेले मेण अजून तसेच आहे आणि झाकण उघडले की माझे बोट आधी तिथे जाते. हातात कसब असलेली माणसे आपल्या गावात पुष्कळ आहेत. परक्याच्या वस्तूपुढे पाच मिनिटे स्तब्ध उभे राहण्याइतका मोठेपणा मी फार थोड्यांत पाहिला आहे.

माझ्या खोलीत वाद्यापासून तेवढ्याच अंतरावर, भिंतीलगत एक खुर्ची मांडून ठेवली आहे. दुकान बंद केल्यावर एखाद्या संध्याकाळी अवश्य यावे. त्या दिवशी अर्धा राहिलेला यमन आपल्याला पूर्ण ऐकवायचा आहे.

आपली कृतज्ञ,
थेरेमिनवाली ताई