नागपुरात पहिली नोकरी आहे, दुसरीचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिहानमध्ये (नागपूर विमानतळालगतच्या उद्योग प्रकल्पात) नवी आयटी कंपनी येणार म्हटले की बातमीत एकर आणि रोजगाराचे आकडे असतात. किती वर्षांच्या अनुभवाची माणसे घेणार, हे नसते. नागपूरचे घोडे तिथेच अडले आहे. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल इथे आहेत. व्हीएनआयटी, ट्रिपल आयटी आणि खासगी महाविद्यालयांमुळे फ्रेशर्सना तोटा नाही. पण एखाद्या खास कामात सात-आठ वर्षे मुरलेल्या माणसाला नोकरी बदलायची झाली, तर शहरात त्याच्या तोडीच्या जागा मोजक्याच. मग पुण्याची हिंजवडी गाठावी लागते. नवरा-बायको दोघेही आयटीत असतील तर सामान आणखी लवकर बांधले जाते. अनुभवी माणसे टिकत नाहीत म्हणून कंपन्या अवघड काम इथे देत नाहीत. आणि अवघड काम नाही, तर ती माणसे थांबतील कशाला?

पुण्यात क्रम उलटा होता. वाहन उद्योग आधीच होता, १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आली, १९९० मध्ये पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी. हिंजवडीच्या काचेच्या इमारती नंतरच्या. आपण मात्र इमारतींपासून सुरुवात केली, तीही सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) करसवलतीवर. आयकर कायद्याच्या कलम १०एए नुसार निर्यातीच्या नफ्यावर पहिली ५ वर्षे १०० टक्के, पुढची ५ वर्षे ५० टक्के वजावट मिळे. मार्च २०२० नंतर मंजुरी मिळालेल्या युनिटांना ती नाही. तेव्हा ते आमिष आता विसरावे.

ज्ञानाधारित कामाला स्थानिक गिऱ्हाईक लागते, आणि ते इथे आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स (कोळसा) व मॉइल (मँगनीज) या सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालये नागपुरातच आहेत, जवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत कारखाने आहेत. सॉफ्टवेअर, खाण-आराखडे, ऊर्जा-लेखापरीक्षण ही कामे त्यांना लागतातच. सरकारी कंपन्यांच्या निविदांत गोम असते ती पूर्वानुभवाच्या अटीत. गेल्या ७ वर्षांत अंदाजित रकमेच्या ८० टक्क्यांचे एक, ५० टक्क्यांची दोन किंवा ४० टक्क्यांची तीन कामे केलेली हवीत, अशी ती सर्वसाधारणपणे असते. पाच वेगळी कामे एका निविदेत बांधली की रक्कम फुगते आणि तीस माणसांची स्थानिक कंपनी दारातच बाद होते. कामे सुटी काढली तर तीच कंपनी पात्र ठरते. स्टार्टअप व लघुउद्योगांना या अटीत सूट देण्याची सोय आहेच. ती निविदेत स्पष्ट लिहिली पाहिजे.

सरकार नव्या कंपन्यांशी करते त्या सामंजस्य करारातही रोजगाराचा एकच ढोबळ आकडा नको. ०-२, ३-७ आणि ८ वर्षांपुढील अनुभव असे तीन रकाने असावेत आणि दरवर्षी ते तपासावेत. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींवर विसंबू नये: अनेक कंपन्या सगळ्या शहरांतल्या कर्मचाऱ्यांचा भरणा मुंबई-पुण्याच्या एकाच नोंदणी क्रमांकावर (कोडवर) करतात, त्यात नागपूर वेगळे दिसत नाही. कार्यालयनिहाय यादीच मागावी लागेल.

— एक वाचक, नागपूर