पैसे भरण्याआधी एवढं वाच

अमळनेर

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

वहिनींनी ते पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. ‘स्वतःच्या चरबीतून स्टेम सेल, शुगर आणि पोटाचा घेर दोन्ही कमी.’ अगदी तळाशी बारीक अक्षरात ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलतील’. केळीचे पैसे आले की तू अ‍ॅडव्हान्स भरणार आहेस, असं त्या म्हणाल्या. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितोय.

चरबीत स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, असतात हे खरं आहे. 2001 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी लायपोसक्शनमध्ये, म्हणजे नळीने शोषून, काढलेल्या चरबीतून त्या वेगळ्या करून दाखवल्या. त्यांच्यापासून हाडाची, कूर्चेची किंवा चरबीची पेशी बनू शकते. म्हणजे बघ, ही चरबी जाळणारी पेशी नव्हे. शरीरात तिचं नेहमीचं काम चरबी साठवणाऱ्या नव्या पेशी तयार करण्याचं.

आणि ते काम गरजेचं आहे. कातडीखाली नव्या, लहान पेशी होत राहिल्या तर जादा चरबी तिथे सुखरूप राहते. त्या होईनाशा झाल्या की जुन्याच पेशी फुगतात, आजूबाजूला सूज धरते, आणि कणगी भरल्यावर धान्य घरभर सांडावं तशी चरबी यकृतात, स्नायूंत जाऊन बसते. मग अंगात इन्सुलिन असूनही त्याचा उपयोग होत नाही. तुझं दुखणं बहुधा हेच आहे. हातपाय बारीक, पोट तेवढं पुढे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आपल्याकडच्या माणसाचं हे असंच. काटा ठीक दाखवतो आणि आत चरबी असते.

स्वीडनमधल्या संशोधकांनी 2008 मध्ये आणखी एक गोष्ट शोधली. जुन्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनवरून त्यांनी चरबीपेशींचं वय काढलं. मोठेपणी दरवर्षी साधारण 10 टक्के पेशी मरतात आणि जवळपास तेवढ्याच नव्या येतात. वजन उतरवलं तरी संख्या तीच राहते, पेशी बारीक होतात. मला हे वाचून धीर आला होता, कारण तुला पेशी बारीक करायच्या आहेत, आणि ते खाण्यातून होतं.

मधुमेहावर स्टेम सेलचे छोटे अभ्यास झालेत, काहींत इन्सुलिनचा डोस कमी करता आला. या पेशी सूज उतरवणारी द्रव्यं सोडतात, असा त्यामागचा विचार. पण ते प्रयोगच आहेत. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं नोंदणीकृत चाचणीतच करायचं, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. पत्रकवाल्यांना एवढंच विचार, ‘सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक द्या.’ सीटीआरआय म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही. चाचणी असेल तर पैसे कशाचे? आणि नसेल तर तुझ्या अंगात ते काय टोचताहेत?

फ्लोरिडात तीन बायकांच्या डोळ्यांत, त्यांच्याच पोटातल्या चरबीपासून काढलेल्या पेशी टोचल्या होत्या. तिघींची दृष्टी जवळपास गेली. ही हकीकत 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यांनीही प्रत्येकी 5,000 डॉलर भरले होते. ‘स्वतःच्याच पेशी, म्हणजे धोका नाही’ हे वाक्य तुझ्या पत्रकातही आहे, म्हणून हे लिहिलं.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले, मधुमेह होऊन सहा वर्षं न उलटलेल्या जाड लोकांवरच्या. खाणं मोजून वजन उतरवणाऱ्या गटातल्या 46 टक्के लोकांची शुगर वर्षभरानंतर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. तू त्यांच्याइतका जाड नाहीस, पण तुझा आजारही अजून सहा वर्षांच्या आतलाच आहे. भरीत खा, कळण्याची भाकरी खा, पण भरतावरचं तेल आणि रात्री उशिराचं जेवण यावर आपल्याला बोलावं लागेल. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नकोस.

रविवारी येतोय. एचबीएवनसीचे, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचे, जुने रिपोर्ट काढून ठेव, आणि पोटाची सोनोग्राफी झाली असेल तर तीही. यकृतात चरबी आहे का ते बघू, मग सोमवारी जळगावला फिजिशियनकडे जाऊ. तोवर एक रुपयाही भरू नकोस.

तुझा,
विजय