शस्त्र परवानाधारकांच्या संघटना नेमकी कुणाची राखण करतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शस्त्र परवानाधारकांच्या संघटना खरोखर परवानाधारकांसाठी भांडतात का, यावरून आपल्या पत्रांच्या सदरात चकमक चालू आहे. संघटना नसत्या तर 2019 सालीच प्रत्येकाकडे एकेकच बंदूक उरली असती, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू म्हणते, या संघटना शहरातल्या रिव्हॉल्व्हरवाल्यांच्या, कोकणातल्या शेतकऱ्याकडून त्या वर्गणीपुरत्या ओळख ठेवतात. आमच्या मते दोघांनीही चुकीचा दाखला उचलला आहे. संघटनेची परीक्षा दिल्लीत कमी आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना टेबलावर जास्त होते. तिथे या संघटना क्वचितच दिसतात.

आधी 2019 चे बघू. शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक त्या साली आले. मूळ विधेयकात मर्यादा माणशी एका शस्त्राची होती. विरोध बऱ्याच बाजूंनी झाला आणि लोकसभेत मंजूर होताना ती दोनवर आली. त्याआधी ती तीन होती. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. तिसरे शस्त्र असणाऱ्यांना ते वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागले. यात संघटनांचा वाटा असेलही, तो आम्ही नाकारत नाही. पण राजापूर, लांजा, कणकवली, दोडामार्ग या पट्ट्यातल्या शेतीसंरक्षण परवानाधारकाकडे, म्हणजे जनावरांपासून पीक राखण्यासाठी परवाना घेतलेल्याकडे, असते एक ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची) बंदूक, फार तर एकनळी बारा बोअरची काडतुसाची बंदूक. दोन की तीन, हा वाद त्याच्या उंबरठ्यापर्यंत आलाच नाही. त्याच्या अडचणी निराळ्या आहेत आणि त्यांवर पत्रक काढून भागत नाही.

सर्वांत मोठी अडचण निवडणुकीची. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. 2024 साली लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली. रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गचे मतदान 7 मे रोजी झाले, निकाल 4 जूनला लागला. म्हणजे काजू बोंडावर आल्यापासून हापूस उतरेपर्यंतचा सगळा हंगाम. पुढे 15 ऑक्टोबरला विधानसभेची घोषणा झाली, मतदान 20 नोव्हेंबरला आणि निकाल 23 ला. ते दिवस भातकापणीचे. लोंबी भरलेल्या भातात डुकरांचा कळप एका रात्रीत शिरला, की खाल्ले त्यापेक्षा लोळून आडवे केलेलेच जास्त निघते. ज्याची बंदूक दोन्ही वेळा ठाण्यात होती, त्याने ते परवाना खिशात ठेवून पाहिले.

आता नियम काय आहे ते पाहा. मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट शस्त्रे जमा करून घेण्याविरुद्ध निकाल दिल्यानंतर निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत घातली. जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या समितीने एकेक परवाना तपासायचा. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले, आधीच्या निवडणुकीत दंगलीत सापडलेले, यांच्यावर मुख्य भर. ज्याचे शस्त्र जमा करायचे ठरेल त्याला तशी नोटीस, जमा केल्यावर पावती आणि निवडणुकीच्या निकालानंतर आठवडा उलटला की शस्त्र परत. प्रत्यक्षात गावात काय होते? पोलीस पाटलाचा निरोप येतो, ‘उद्यापर्यंत आणून द्या’, आणि माणूस बंदूक गोणपाटात गुंडाळून ठाण्यात नेऊन देतो. त्याच्यापुरती लेखी नोटीस नसते, त्याचे प्रकरण समितीपुढे गेले की नाही हेही कळत नाही. ज्याच्यावर आयुष्यात साधा अदखलपात्र गुन्हासुद्धा नाही, त्यानेही निमूटपणे नेऊन द्यायची.

इथे संघटनेने करायचे काम अगदी साधे आहे. आचारसंहिता लागायच्या महिनाभर आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे तालुकावार अर्ज द्यायचे: अमुक परवाना शेतीसंरक्षणाचा, अमुक सर्व्हे नंबरात अमुक पीक उभे, गेल्या हंगामातल्या नुकसानीचा वन खात्याचा पंचनामा सोबत, धारकावर गुन्हा नाही, सबब समितीने सूट द्यावी. अर्ज फेटाळला तर लेखी कारण मागायचे. निवडणूक संपली की माहिती अधिकारात विचारायचे, की समितीच्या बैठका किती झाल्या आणि किती परवाने तपासून वगळले. शेकडो परवानाधारकांची वर्गणी घेणाऱ्याला एवढे झेपू नये? होते ते असे, की आचारसंहिता लागून आठ दिवस झाल्यावर निवेदन, जिल्हाधिकाऱ्यांबरोबर फोटो आणि सभासदांच्या मोबाइलवरच्या समूहावर ‘आपल्या हक्कासाठी लढा’ असा मजकूर. वरातीमागून घोडे.

जमा झालेल्या बंदुकीचे हाल हा वेगळा विषय, पण थोडक्यात सांगायलाच हवा. खारी हवा आणि दमट खोली, दोन महिन्यांत नळीत गंजाचे ठिपके पडतात. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूची काजळी राहिली असेल तर ती हवेतले पाणी ओढते आणि पोलादाला खाते. नुसते तेल फिरवून ती निघत नाही. आधी ऊन पाण्याने नळी धुवायची, गजाला कोरडे फडके लावून पूर्ण सुकवायची आणि मगच मशीनचे पातळ तेल द्यायचे. खोबरेल नको, थंडीत थिजते आणि बंदुकीच्या घोड्याच्या (बार उडवणाऱ्या हातोडीच्या) कळीत साचते. कातडी किंवा कापडी गवसणीत घालून देऊ नका, गवसणी ओल धरते. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, बनवणारी कंपनी, बोअर (नळीचे माप), नळ्या किती, काडतुसे किती आणि शस्त्राची स्थिती एवढे लिहून घ्या, शक्य तर ठाण्यातच फोटो काढा. परत आणल्यावर बार काढण्याआधी रिकामी नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. कुंभारमाशी नळीत मातीचे घर करते, आणि तशा नळीत बार काढला तर नळी फुटते.

दुसरी मोठी अडचण वारशाची. आजोबा जातात, बंदूक माळ्यावर राहते. घरच्यांना वाटते परवाना घराचा आहे. तो व्यक्तीचा असतो. धारक गेला की शस्त्र ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून वारसाने आपल्या नावे अर्ज करायचा असतो. तोपर्यंत घरात राहिलेली बंदूक ही विनापरवाना बंदूक, आणि त्यावर गुन्हा दाखल होतो तो नातवावर. यातली सोय फारशी कुणी सांगत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे धारकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. कोकणातले कितीतरी धारक सत्तरी ओलांडलेले आहेत आणि मुलगे मुंबईला. संघटनेने सभासदांच्या नोंदवहीत जन्मवर्ष आणि परवान्याचे वर्ष हे दोन रकाने ठेवले तर कुणाचे प्रकरण आधी करायचे ते आपोआप दिसेल.

अर्ज अडतो तो बहुधा सातबाऱ्यावर. आपल्याकडे सामाईक जमिनीला पंधरा-वीस नावे, त्यातली निम्मी मयत. टेबलावर सांगतात, स्वतःच्या नावचा उतारा आणा नाहीतर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 प्रमाणे खऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यायचा असतो, आणि ती पुरेशी नाही अशी प्राधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम 14 सांगते. नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. कसणारा कोण, हे पीकपाहणीची नोंद, तलाठ्याचा दाखला आणि पंचनामा यांवरून दाखवता येते. तरीही नाही म्हटले तर अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात. दोडामार्गच्या माणसाला ते चारशेहून अधिक किलोमीटर. एका शेतकऱ्याने ठासणीच्या बंदुकीसाठी वकील करून तिथे तारखा घालायच्या ही अपेक्षाच हास्यास्पद आहे. पण दहा अपिले एकत्र चालवली आणि त्यातला एक जरी आदेश सामाईक सातबाऱ्याच्या मुद्द्यावर अनुकूल आला, तर पुढच्या प्रत्येक अर्जाला त्याची प्रत जोडता येईल. संघटना असते ती यासाठी.

आता आपल्या लोकांना न आवडणारे. शेतीसंरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहे. शेताचे नुकसान करत असले तरी मारण्यापूर्वी कलम 11 खालची लेखी परवानगी लागते. गवा पहिल्या, अधिक कडक संरक्षणाच्या अनुसूचीत, त्याच्याबाबत हा मार्ग जवळपास बंदच. दोडामार्गच्या हत्तींचे नावही काढू नये. मग ‘परवाना आहे, मारा’ असे समूहावर लिहिणारे पदाधिकारी सभासदांचे भले करतात की त्यांना खटल्यात लोटतात? केरळने 2022 मध्ये रानडुकरांबाबतचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत खाली आणले. आपल्याकडच्या संघटनेला खरेच काही मागायचे असेल तर हे मागावे: परवानगी कुणी, किती तासांत द्यायची आणि मेलेल्या जनावराचा पंचनामा कुणी करायचा.

बंदूक उसनी देण्यावरही संघटना गप्प असतात. रात्री बॅटरी लावून पाच जण रानात, बंदूक एकाची, परवाना घरी बसलेल्या दुसऱ्याचा, आणि झुडूप हलले म्हणून सोबत्यालाच छर्रे. अशी एक बातमी आली की तालुक्यातली सगळी नूतनीकरणे रेंगाळतात. सभासदाला पाठीशी घालणे म्हणजे हक्कांचे रक्षण अशी समजूत असेल तर ती सोडावी. त्यापेक्षा सुरक्षिततेचा वर्ग घ्यावा. नव्या परवान्याला प्रशिक्षणाचा दाखला 2016 च्या नियमांनी आणलाच आहे, जुन्यांनाही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. उदाहरणार्थ, जुन्या विलायती दुनळी बंदुकांचे घर (काडतूस बसते ती जागा) अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटर काडतुसाचे असते. त्यात 70 चे काडतूस शिरते, पण उडताना त्याचे दुमडलेले तोंड उघडायला जागा नसते आणि नळीतला दाब भलताच वाढतो. बंदूक बिजागरीवर उघडून नळीच्या बुडाखालचा शिक्का वाचता आला पाहिजे. नळीवर नागमोडी रेषांची नक्षी असेल तर ती दमास्कस, म्हणजे धातूच्या पट्ट्या पिळून घडवलेली जुनी नळी, आजच्या धूरविरहित दारूची काडतुसे तिच्यात घालूच नयेत.

अमेरिकेचे दाखले देणाऱ्या तरुण मंडळींसाठी थोडेसे. तिथे शस्त्राचा हक्क 1791 पासून घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे. आपल्या घटनेच्या कलम 19 मध्ये शस्त्रांचा उल्लेख येतो तो विनाशस्त्र जमण्याच्या स्वातंत्र्यापुरता. तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनवरही तिथले बंदूकधारक नाराज असतातच. 1871 ची ही संस्था 1934 आणि 1968 च्या निर्बंधांच्या वेळी पुरेशी भांडली नाही, हा आरोप जुना आहे, आणि 1977 साली सिनसिनाटीच्या अधिवेशनात सभासदांनी नेतृत्वच उलथवले. त्यांच्या घोषणा आपल्या उपयोगाच्या नाहीत. सभासद हिशेब मागतात, एवढे मात्र घेण्यासारखे आहे.

तर ज्या संघटनांनी या सदरात आपली बाजू मांडली, त्यांनी पुढच्या पत्रात एवढे छापावे: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधून गेल्या पाच वर्षांत किती अपिले दाखल केली, किती जिंकली, छाननी समितीकडे किती अर्ज दिले आणि वर्गणीतला किती पैसा त्यावर गेला. ‘परवाना काढून देतो’ म्हणून वेगळे पैसे घेणारे कुणी पदाधिकारी असतील तर त्यांच्यावर काय कारवाई केली, तेही. आणि ज्यांच्या परवान्याची मुदत येत्या काही महिन्यांत संपते आहे त्यांनी उत्तराची वाट पाहत बसू नये. निदान दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाकावा, पोचपावतीवर तारीख आणि सही-शिक्का घ्यावा आणि ती पावती परवान्याच्या पुस्तिकेतच ठेवावी, म्हणजे रस्त्यात तपासणी झाली तर हाताशी असते.

आपले,
काही शेतीसंरक्षण शस्त्र परवानाधारक,
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी