एचएमओ प्लॅनमध्ये स्पेशालिस्टकडे जाण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

१ जानेवारीपासून तुमचा मेडिकेअर ॲडव्हांटेजचा एचएमओ प्लॅन सुरू होईल, म्हणजे मेडिकेअर या अमेरिकी सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या आरोग्य विम्याचा खासगी कंपनीनं चालवलेला, ठरलेल्या डॉक्टरांपुरता प्रकार. साध्या, म्हणजे सरकार थेट चालवतं त्या मेडिकेअरवर हृदयाच्या डॉक्टरांना तुम्ही थेट फोन करून वेळ घ्यायचात, आता तसं चालणार नाही. बहुतेक स्पेशालिस्टांकडे जायला फॅमिली डॉक्टरांचं, म्हणजे प्लॅनच्या कागदांवरच्या पीसीपींचं, रेफरल म्हणजे नोंदवलेली शिफारस लागेल. ते नसताना गेलात तर सगळं बिल आपल्या अंगावर येऊ शकतं.

बाबा, डॉक्टर तोंडी “दाखवून या” म्हणाले म्हणजे रेफरल झालं असं धरू नका. त्यांच्या ऑफिसनं ते प्लॅनकडे नोंदवावं लागतं. म्हणून अपॉइंटमेंटच्या आठवडाभर आधी फोन करून विचारा: रेफरल नंबर काय, कोणत्या डॉक्टरांच्या नावे आहे, किती भेटींसाठी आहे, कुठल्या तारखेपर्यंत चालेल. पहिली भेट सहसा सुरळीत होते, घोळ होतो तो पुढे. मंजूर भेटी संपलेल्या असतात, मुदत उलटलेली असते किंवा मधल्या काळात पीसीपी बदललेले असतात. मागची तारीख घालून रेफरल मिळेल यावर अजिबात विसंबू नका. आणि ते स्पेशालिस्ट नेटवर्कमध्ये, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टरांच्या यादीत, आहेत का, हे प्लॅनलाच विचारा. दवाखान्यातलं “आम्ही मेडिकेअर घेतो” हे उत्तर पुरेसं नाही.

प्रायर ऑथरायझेशन ही आणखी वेगळी गोष्ट. रेफरलमुळे भेट मंजूर होते, पण तिथे सांगितलेल्या एमआरआयला किंवा शस्त्रक्रियेला प्लॅनची आगाऊ परवानगी लागू शकते. ती स्पेशालिस्टांचं ऑफिस मागतं. २०२६ पासून अशा साध्या अर्जावर प्लॅनला ७ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पूर्वी १४ दिवस मिळत. थांबल्यानं तब्येतीला धोका असेल तर डॉक्टरांना तातडीचा अर्ज करायला सांगा, त्याची मुदत ७२ तास आहे. नकार आला तर ते पत्र टाकू नका, त्यावरच्या तारखेपासून ६५ दिवसांत अपील करता येतं. नकार आला म्हणून गप्प बसायचं नाही, एवढं माझं ऐका.

आई, तुझी फिजिओथेरपी चालू आहे ना? नव्या सदस्याच्या चालू उपचारांसाठी पहिले किमान ९० दिवस प्लॅनला नव्यानं परवानगी मागता येत नाही. पहिल्याच आठवड्यात फोन करून हे नोंदवून घे. मॅमोग्राम आणि फ्लूची लस यांना रेफरल लागत नाही, फक्त जागा नेटवर्कमधली हवी.

छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, तर यातलं काहीही आठवत बसू नका. ९११ लावा. इमर्जन्सीला ना रेफरल लागतं ना नेटवर्क. मात्र घरी आल्यावर पुढच्या तपासणीला रेफरल लागतं, तेव्हा डिस्चार्जच्या दिवशीच पीसीपींना कळवा.

माझ्याकडे राहायला याल तेव्हा इथे, प्लॅनच्या भागाबाहेर, फक्त इमर्जन्सी आणि अर्जंट केअर (तातडीचे, पण जिवावरचे नसलेले उपचार) चालेल, नेहमीच्या तपासण्या तिकडेच उरकून या. पुण्यातल्या खर्चाला मेडिकेअर जवळपास कधीच पैसे देत नाही. काही प्लॅन परदेशातली इमर्जन्सी भरून देतात, तुमचा देतो का ते विचारा. सलग सहा महिन्यांहून जास्त प्लॅनच्या भागाबाहेर राहिलात तर प्लॅनमधून नावही कमी होऊ शकतं.

हे सगळं जाचक वाटलं तर ३१ मार्चपर्यंत एकदा प्लॅन बदलता येतो किंवा साध्या मेडिकेअरवर परतता येतं. तुम्ही पहिल्यांदाच ॲडव्हांटेजमध्ये जाताय, त्यामुळे १२ महिन्यांच्या आत परतलात तर सोडलेली मेडिगॅप पॉलिसी (साध्या मेडिकेअरनंतर उरणारा खर्च भरणारा खासगी पूरक विमा), कंपनी ती अजून विकत असेल तर, आजारांची चौकशी न होता परत मिळते. त्यानंतर बहुतेक राज्यांत कंपनी नकार देऊ शकते. म्हणून निर्णय डिसेंबरपर्यंत रेंगाळू द्यायचा नाही.

फोन केलात की तारीख, समोरच्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर वहीत लिहा. इंग्रजीत अडलं तर दुभाषा मागा, तो फुकट मिळतो. ‘एव्हिडन्स ऑफ कव्हरेज’ या जाड पुस्तिकेतलं तिसरं आणि चौथं प्रकरण रविवारी फोनवर आपण मिळून वाचू, ती हाताशी ठेवा.

तुमची लेक